प्रेसबिटेरियन नियतकालिके, खासी व मिझो टेकड्यांतील

ईशान्य भारतातील खासी, जैंतिया व मिझो या डोंगरी प्रदेशांत वेल्श प्रेसबिटेरियन मिशनच्या कार्यातून जी ख्रिस्ती मंडळ्यांची परंपरा निर्माण झाली, तिची खासी व मिझो भाषांतील वृत्तपत्रे व मासिके. ऊ नोंगकित खुबोर (१८८९) हे खासी आणि क्रिस्तियन त्लांगाउ (१९११) हे मिझो मासिक ही त्यांतील विशेष उल्लेखनीय होत. दूरदूरच्या वस्त्यांतील लहान मंडळ्यांना एकमेकींची वार्ता कळविणे व त्यांस धीर देणे हे त्यांचे प्रमुख कार्य. तथापि या प्रदेशांतील गद्यलेखन, साक्षरता व समाजजागृती यांचा इतिहासही त्यांच्याशी निगडित आहे.

प्रेसबिटेरियन पंथात बिशपचे पद नसते. प्रत्येक मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील यांच्याकडे असतो. अनेक मंडळ्यांच्या प्रतिनिधींची प्रेसबिटरी व तिच्यावर सिनॉड अशी सभांची चढती रचना असते. वरिष्ठ सभेचा निर्णय प्रत्येक गावी पोहोचला नाही आणि गावाची गाऱ्हाणी सभेपर्यंत गेली नाहीत, तर ही रचना कागदावरच राहते. म्हणून या पंथात मुखपत्राला केवळ प्रचाराचे नव्हे, तर कारभाराचेही महत्त्व येते. वेल्समध्ये याची जाण जुनी होती. अठराव्या शतकातील धार्मिक जागृतीतून निघालेला वेल्श कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट पंथ १८११ मध्ये अँग्लिकन चर्चपासून वेगळा झाला व पुढे वेल्सचे प्रेसबिटेरियन चर्च या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे द्रिसोर्वा हे मासिक १८३१ पासून आणि गोलायाद हे साप्ताहिक १८६९ पासून निघत असे. खेड्यांतील शेतकरी व खाणकामगार ती वाचीत आणि हिंदुस्थानातील मिशनरींची पत्रेही त्यांना मासिकातूनच वाचावयास मिळत.

या पंथाने १८४० मध्ये लिव्हरपूल येथे स्वतःची मिशनरी संस्था स्थापन केली. तिचे पहिले मिशनरी टॉमस जोन्स २२ जून १८४१ रोजी सोहरा (चेरापुंजी) येथे आले. खासी भाषेस स्वतःची रूढ लिपी नव्हती. ती बंगाली लिपीत लिहिण्याचे प्रयत्न पूर्वी झाले होते, परंतु ते रुजले नाहीत. जोन्स यांनी रोमन लिपी स्वीकारली आणि स्वभाषेच्या सवयीने वेल्श वर्णलेखनाच्या धर्तीवर तिची योजना केली. खासी लेखनावरील वेल्श वळण अद्यापि टिकून आहे. शाळा निघाल्या, बायबलच्या भागांची भाषांतरे झाली व अर्धशतकाच्या आत वाचकांचा एक वर्ग तयार झाला. या वर्गासाठी विल्यम विल्यम्स या तरुण मिशनरीने १८८९ मध्ये ऊ नोंगकित खुबोर सुरू केले. खासीतील हे पहिले वृत्तपत्र मानले जाते. ‘खबर वाहून नेणारा’ असा या नावाचा अर्थ. खुबोर म्हणजे आपल्या परिचयाचा ‘खबर’ हाच शब्द होय. सिल्हेटच्या बाजारपेठांशी असलेल्या जुन्या व्यवहारातून असे अनेक शब्द डोंगरावर चढले होते.

विल्यम्स यांचे नाव मिझो इतिहासातही येते. सिल्हेटच्या तुरुंगात त्यांनी बंदिवान मिझो पाहिले आणि १८९१ मध्ये ते तत्कालीन लुशाई टेकड्यांत (सध्याच्या मिझोराममध्ये) जाऊन आले. तेथे मिशन काढावे असा त्यांनी आग्रह धरला. परंतु पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. तेथे प्रत्यक्ष कार्य प्रथम जे. एच्. लॉरेन व एफ्. डब्ल्यू. सॅव्हिज यांनी केले. जानेवारी १८९४ मध्ये आलेल्या या दोघांनी मिझो भाषेसाठी रोमन वर्णमाला तयार केली. १८९७ मध्ये डी. ई. जोन्स आल्यावर वेल्श मिशनचे काम सुरू झाले. १९०३ मध्ये लॉरेन व सॅव्हिज बॅप्टिस्ट मिशनतर्फे दक्षिणेस परतले. त्यामुळे उत्तर मिझोराम प्रेसबिटेरियन व दक्षिण मिझोराम बॅप्टिस्ट अशी विभागणी झाली. तिच्या खुणा अजून दिसतात.

मिझो भाषेत वृत्तपत्राचा प्रारंभ मात्र सरकारी प्रेरणेने झाला. १९०२ मध्ये जिल्ह्याचे सुपरिंटेंडेंट शेक्सपियर यांनी मिझो लेह वाइ चानचिन (मिझो व मैदानी लोकांचे वृत्त) हे मासिक सुरू केले. सरकारचे हुकूम व बाहेरच्या जगाची माहिती त्यातून मिळे. येथे एका शब्दाकडे लक्ष देणे उचित ठरेल. चानचिन म्हणजे वृत्त किंवा हकीगत. ‘शुभवर्तमान’ या अर्थी मिझोत चानचिन था, म्हणजे चांगली वार्ता, असा शब्दप्रयोग रूढ झाला. मराठी ख्रिस्ती परिभाषेतील ‘वर्तमान’ आणि ‘शुभवर्तमान’ यांचा संबंध नेमका असाच आहे. ज्या भाषेत धर्मवचन आणि बातमी यांना एकच मूळ शब्द आहे, तेथे धार्मिक वृत्तपत्राची कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

क्रिस्तियन त्लांगाउ १९११ मध्ये निघाले, तो काळ कसोटीचा होता. खासी मंडळ्यांत १९०५ मध्ये धार्मिक जागृतीची लाट आली होती. ती पाहण्यासाठी काही मिझो प्रतिनिधी मैरांग येथील सभेस गेले आणि ते परतताच १९०६ मध्ये ती लाट मिझो टेकड्यांतही पोहोचली. परंतु त्यानंतर १९०८ च्या सुमारास पुमा झाइ या गीतांचे वारे सुटले. नव्या धर्माला उत्तर देणारी ही गीते गात व नाचत लोक गावेच्या गावे जागवीत. काही सरदारांनी ख्रिस्ती कुटुंबांचा छळही केला. पाठोपाठ १९११–१२ मध्ये बांबूला फुलोरा येऊन उंदरांचा सुळसुळाट झाला व पिके नष्ट झाली. सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी येणाऱ्या या दुष्काळास मिझो लोक ‘मौताम’ म्हणतात. अशा वेळी चार-सहा घरांची एखादी मंडळी स्वतःला एकाकी समजणे स्वाभाविक होते. पलीकडच्या डोंगरावर आपल्यासारखीच माणसे तग धरून आहेत, ही साधी बातमीच तिला प्रवचनाहून अधिक उपयोगी पडावी.

मासिकाचे नाव या दृष्टीने समर्पक आहे. त्लांगाउ म्हणजे गावचा दवंडीवाला. मिझो गावात सरदाराच्या आज्ञा व गावकीची वार्ता तो ओरडून सांगे आणि त्याबद्दल प्रत्येक घरातून त्याला वर्षाला ठरावीक भात मिळे. दवंडीवाल्याचा आवाज मात्र एका सरदाराच्या हद्दीपुरता असे. छापील त्लांगाउ अनेक सरदारांच्या हद्दी ओलांडून गेला आणि त्याच्याबरोबर उत्तरेकडील बोली प्रमाण मिझो म्हणून स्थिर होण्यास साहाय्य झाले. हे मासिकाचे कार्य त्याच्या धार्मिक कार्याइतकेच मोठे मानावे लागते. मराठीतील ज्ञानोदयाशी (१८४२) तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. ज्ञानोदय निघाले तेव्हा मराठीस शतकानुशतकांचे वाङ्मय होते व दर्पण (१८३२) निघून दशक लोटले होते. त्यास प्रतिपक्षी होते आणि वादविवाद हा त्याचा स्वभाव बनला. मिझो मासिकाला प्रतिपक्षाचे वृत्तपत्र नव्हते. त्याचा सामना गाण्याशी, दुष्काळाशी आणि अंतराशी होता. खासी टेकड्यांत स्थिती थोडी निराळी झाली : तेथे १८९९ मध्ये स्थापन झालेल्या सेंग खासी या संघटनेने पारंपरिक धर्माची बाजू हिरिरीने मांडली.

वार्तेच्या या जाळ्याला समांतर असे दुसरे जाळे मुठीमुठीने उभे राहिले. १९१० च्या सुमारास ‘बुहफाइ थाम’ ही प्रथा पडली. प्रत्येक जेवणाचा भात शिजविण्यापूर्वी घरची स्त्री मूठभर तांदूळ बाजूला काढते. ते गोळा करून विकतात व पैसा चर्चकार्यास देतात. रोकड नसलेल्या समाजास स्वतःचे प्रचारक पोसणे यामुळे शक्य झाले. दिलेल्या मुठीचे काय झाले, कोणत्या गावी पाळक नेमला, कोणती शाळा निघाली, हे देणाऱ्यांना कळावयास हवे होते. हिशेब व वार्ता असा हा परस्परसंबंध होता. पहिले मिझो पाळक १९१३ मध्ये दीक्षित झाले. १९१३ व १९१९ मध्ये जागृतीच्या नव्या लाटा आल्या. त्यांतील नृत्य, ढोल व भावावेश यांविषयी मिशनरी साशंक होते, लोक नव्हते. शिस्तप्रिय सभा आणि उत्स्फूर्त उपासना यांतील हा ताण मिझो चर्चच्या इतिहासात पुढेही राहिला. आज उपासनेत ढोल सर्वत्र वाजतो, त्यावरून निकाल कोणाच्या बाजूने लागला हे उघड आहे.

सर्वांत कठीण काळ १९५९ च्या मौतामनंतर आला. दुष्काळनिवारणातील असंतोषातून मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. त्याने १ मार्च १९६६ रोजी स्वातंत्र्य घोषित केले व त्या आठवड्यातच ऐजॉलवर विमानांतून मारा झाला. १९६७ पासून पाचशेहून अधिक गावे उठवून सुमारे शंभर केंद्रांत लोकांना वसविण्यात आले. गाव उठले म्हणजे तेथील मंडळीही उठली. जिचे वडील, घंटा व स्मशान वेगवेगळे होते अशा अनेक मंडळ्या एका कुंपणात आल्या. याच सुमारास, १९६८ पर्यंत, अखेरचे वेल्श मिशनरीही गेले. चर्चच्या नेत्यांनी हिंसेचा निषेध करून दोन्ही बाजूंशी बोलणी चालविली. त्यामुळे त्यांच्यावर दोन्हीकडून संशय घेतला गेला. अखेर ३० जून १९८६ रोजी करार झाला व २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम राज्य झाले.

महाराष्ट्रातील स्कॉटिश व अमेरिकन मिशनांतून निघालेल्या बहुतेक मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. ईशान्येकडील प्रेसबिटेरियन त्यात गेले नाहीत. स्वभाषेतील मुखपत्र, स्वतःचा निधी व स्वतःच्या सभा असताना त्यांना त्याची निकड भासली नाही, असे म्हणता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोरामची साक्षरता ९१ टक्क्यांहून अधिक, तर ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ८७ टक्के होती. क्रिस्तियन त्लांगाउ मिझोराम सिनॉडचे मुखपत्र म्हणून चालू राहिले. मूळचा दवंडीवालाही पूर्णपणे गेलेला नाही. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या यंग मिझो असोसिएशनच्या शाखा वस्तीवस्तीतील ध्वनिक्षेपकावरून मृत्यूची वार्ता व सामूहिक कामाची सूचना देतात आणि ती ऐकून शेजारी हातातले काम टाकून त्या घराकडे जातात.