मेणचट गहू

ज्याच्या दाण्यातील स्टार्चात अमायलोज हा घटक जवळजवळ नसतो, अशा गव्हास मेणचट गहू म्हणतात. नेहमीच्या गव्हाच्या स्टार्चात सु. २५% अमायलोज व बाकीचे अमायलोपेक्टीन असते. दाण्यात मेण मुळीच नसते. चीनहून १९०८ मध्ये अमेरिकेत पाठविलेल्या एका मक्याचा कापलेला दाणा मेणासारखा निस्तेज दिसला, त्यावरून जी. एन. कॉलिन्स यांनी १९०९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि हे नाव रूढ झाले.

मका, भात व सातू यांचे असे प्रकार निसर्गतः आढळतात. गव्हात मात्र तो आढळला नव्हता. पावाचा गहू तीन पूर्वजांच्या गुणसूत्रसंचांपासून बनलेला असल्याने अमायलोज तयार करणाऱ्या एंझाइमाचे जीन त्यात तीन आहेत. एक वा दोन निकामी झाले, तरी उरलेला काम चालवितो व दोष बाहेरून दिसत नाही.

उकल झाली ती जपानमध्ये आणि तीही शेवयांच्या निमित्ताने. ‘उदोन’ या जाड शेवयांना मऊ व लवचिक पोत देणाऱ्या गव्हांत अमायलोज थोडे कमी असते. अशा ‘कांतो १०७’ या वाणात तीनपैकी दोन प्रथिने नसल्याचे दिसून आले. तिसरे नसलेला वाण शोधण्यासाठी यामामोरी व सहकाऱ्यांनी सु. दोन हजार वाणांतील प्रथिने तपासली (१९९४). त्यांत असा एकच वाण निघाला, चीनमधील ‘बाई हुओ’. तो संग्रहात नसता, तर केवळ संकराने हे काम साधले नसते. या दोन वाणांच्या संकरापासून नाकामुरा व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पहिला मेणचट गहू जाहीर केला. अशा संकराच्या दुसऱ्या पिढीत तिन्ही जीन निकामी असलेला दाणा ६४ मध्ये सरासरी एकच मिळतो. तो ओळखण्याची युक्ती साधी आहे : दाण्याचा अंकुर नसलेला अर्धा भाग आयोडिनाच्या विद्रावाने निळाकाळा न होता तांबूस होतो, अंकुराचा अर्धा भाग पेरता येतो.

तीन जीनांच्या असण्या-नसण्याने गव्हाचे आठ प्रकार संभवतात. ते एकाच वाणाच्या पार्श्वभूमीवर तयार केल्याने प्रत्येक जीनाचा परिणाम वेगळा मोजता आला. ४ए गुणसूत्रावरील जीन गमावल्यास अमायलोज सर्वाधिक घटते, असे त्यांवरून दिसून आले. याच एका जीनाचा अभाव ऑस्ट्रेलियातील शेवयांच्या गव्हांतही आढळला.

निव्वळ मेणचट पिठाचा पाव भट्टीतून काढल्यावर खचतो व आतून चिकट राहतो. नेहमीच्या पिठात ते थोडे मिसळल्यास मात्र पाव अधिक काळ मऊ राहतो.