परळचे वाडिया आणि दोनशे वर्षे टिकलेले सागवान

बागेत जमिनीपासून हातभर उंच, फळ्या जोडून उभारलेल्या बैठकीला आज सर्रास ‘डेक’ म्हणतात. शब्द जहाजावरचा. उन्हापावसात लाकूड टिकवायचे कसे, हा प्रश्नही जहाजावरचाच. त्याचे उत्तर ज्या घराण्याच्या हातात होते, त्याचा बागबंगला परळला होता.

सुतारकामात निष्णात असलेले लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले. काम कोटातील गोदीत. पण पुढच्या पिढ्यांनी परळ-लालबाग परिसरात ऐसपैस बंगले बांधले. परळच्या बंगल्याचे नावच ‘लवजी कॅसल’.

इंग्लंडातील जहाजे ओकची. ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते. सागातील तेल मात्र खिळ्याला गंजापासून जपते, शिवाय वाळवीलाही दूर ठेवते. मलबारच्या सागवानाला आरमारात इतका मान मिळाला, तो यामुळेच.

लाकूड मरते ते पाण्याने नव्हे, साचलेल्या पाण्याने. म्हणून जहाजाचा डेक कधीच सपाट नसतो: मधोमध किंचित उंच, दोन्ही कडांना उतार. पाणी आपोआप नाळ्यांकडे जाते. खाली माल आणि माणसे असल्याने फळ्यांमधील सांधे मात्र ठासून बुजवावे लागतात. मुंबईचे कारागीर जहाजाच्या अंगाच्या फळ्यांना कडेला खाच पाडून त्या एकमेकींत बसवत आणि मध्ये राळ व कापूस भरत. बागेतल्या डेकचे गणित इथे उलटे होते. त्याच्याखाली कोणी राहत नाही, म्हणून फळ्यांत फट मुद्दाम सोडायची. पाणी खाली गळते, वारा खेळतो. तुळया मातीला टेकू द्यायच्या नाहीत, हे तर ओघानेच आले. (मुंबईच्या पावसात जमिनीलगतचे लाकूड किती लवकर कुजते, हे कोणत्याही जुन्या चाळीच्या खांबाला विचारावे.)

या कौशल्याचे श्रेय कोणाला मिळाले? जमशेटजी बमनजी वाडियांनी १८०० मध्ये बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजाबद्दल एक हकिकत सांगितली जाते. त्यांनी कण्यावरच्या तुळईत, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी एक ओळ कोरून ठेवली: हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले. ‘काळा’ या शब्दामागे त्यांनी गोऱ्यांच्या तोंडची शिवीही जोडली होती. उपहास त्यांचा, शब्द मात्र साहेबांचे.

त्यांचीच ‘ट्रिंकोमाली’. तिचे पहिले आराखडे ‘जावा’ या युद्धनौकेतून पाठवले होते. १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांनी ती नष्ट केली आणि आराखडे पुन्हा पाठवावे लागले. एप्रिल १८१६ मध्ये मुंबईत कणा बसला, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आहे. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांपैकी ते सर्वांत जुने.