आयनांची पोलरायझिंग पॉवर म्हणजे काय? फोनच्या बॅटरीशी तिचा काय संबंध?

बारावीत असताना पोलरायझिंग पॉवर आणि पोलरायझेबिलिटी हे दोन शब्द मी कायम उलटे लिहायचो. प्रिलिममध्ये त्यापायी अख्ख्या प्रश्नाचे मार्क गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून आधी तेच बघू.

धन आयन शेजारच्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉनचा ढग स्वतःकडे खेचतो. ही खेचण्याची ताकद म्हणजे पोलरायझिंग पॉवर. आणि ऋण आयनाचा ढग किती सहज खेचला जातो, ती त्याची पोलरायझेबिलिटी. एक खेचणारा, दुसरा खेचला जाणारा.

धन आयन जितका लहान आणि चार्ज जितका जास्त, तितकी खेच जास्त. ऋण आयन मात्र मोठा हवा, कारण मग बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, ढिले असतात. ढग फार खेचला गेला की बंधात कोव्हॅलंटपणा येतो. हे नियम फायान्स यांनी १९२३ मध्ये मांडले. सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ, ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. ॲल्युमिनियम क्लोराइड मात्र १८० अंशांच्या आसपासच वाफ होऊन उडतं! दोन्हींत ऋण आयन एकच, क्लोराइड. फरक खेचणाऱ्याचा.

आता तुमच्या हातातला फोन घ्या. बॅटरीतला लिथियम आयन फक्त ७६ पिकोमीटर त्रिज्येचा, सोडियमचा १०२. चार्ज दोघांचाही एकच, पण लिथियम लहान, म्हणून त्याची खेच जास्त. द्रव इलेक्ट्रोलाइटमधले रेणू तो स्वतःला घट्ट चिकटवून घेतो आणि इलेक्ट्रोडमध्ये शिरताना त्याला ते सोडावे लागतात. यात ऊर्जा जाते. सोडियमला हे तुलनेने सोपं पडतं.

सॉलिड स्टेट बॅटरीत तर खरी गंमत आहे. तिथे लिथियमला घन पदार्थातून सरकायचंय. ऑक्साइड आयन लहान, त्याचा ढग कडक, त्यामुळे लिथियम अडकून बसतो. सल्फाइड मोठा आणि मऊ, लिथियम पुढे सरकताना त्याचा ढगही वाकत जातो. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि सल्फरचा असा घन पदार्थ दाखवला, ज्याची आयन वाहून नेण्याची क्षमता द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीची होती.

मग असे फोन सगळीकडे का नाहीत? एक मोठी अडचण अशी, की सल्फाइडला हवेतला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याच्या वासाचा तोच विषारी वायू.