जायकवाडीचे दरवाजे: पुराचा आणि दुष्काळाचा एकच हिशेब

मंडळी, आज वाळूजमध्ये धरणावर बोलायचं म्हणजे आपल्या नळावरच बोलायचं. इथल्या कारखान्यांना आणि छत्रपती संभाजीनगर शहराला पाणी येतं ते पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीतून. या धरणाचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे, हे कसं ठरत आलं, एवढा एकच धागा आज आपण धरणार आहोत.

सुरुवात नावापासून करू. निजामाच्या काळात हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचा विचार होता. पुढे जागा पैठणला सरकली, नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचं लोकार्पण केलं. उद्देश स्पष्ट होता: मराठवाड्याची शेती भिजवायची. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. पुरासाठी मोठी जागा कायम रिकामी ठेवायची, अशा विचाराने हे धरण बांधलेलं नाही. दुष्काळी मुलखातलं धरण भरण्यासाठीच असतं.

आता दरवाज्यांचं गणित पाहू. ते मुळात आपल्या घरच्या टाकीचं गणित आहे. आवक वजा विसर्ग म्हणजे साठ्यातला फरक. साडेअकरा हजार क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालला, की साधारण एक टीएमसी पाणी होतं. समजा धरण ९० टक्के भरलंय, म्हणजे साडेसात टीएमसीच्या आसपास जागा उरलीय. वरून अडीच लाख क्युसेक येतंय आणि आपण पन्नास हजार सोडतोय. मग ती जागा अकरा तासांच्या आत संपते. तेच पहिल्यापासून एक लाख सोडलं, तर चौदा तास मिळतात. हे तीन तास कागदावर किरकोळ दिसतात. रात्री गाव हलवायचं असेल, तेव्हा त्यांची किंमत कळते.

अडीच लाखांचा आकडा आपण हवेतून घेतलेला नाही. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून साधारण एवढाच विसर्ग करावा लागला. पैठणमध्ये पाणी शिरलं आणि खाली नांदेडपर्यंत गोदाकाठाला त्याची झळ बसली. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस विसर्ग पुन्हा दोन लाखांच्या वर गेला, आणि पैठणच्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली.

मग धरण आधीच थोडं रिकामं का करत नाहीत? याचं उत्तर दुष्काळाच्या इतिहासात आहे. २०१२-१३ मध्ये उपयुक्त साठा संपला आणि मृतसाठ्यातून पाणी उपसायची वेळ आली. वर दारणा १९१६ पासून, भंडारदरा १९२६ पासून आणि गंगापूर १९६५ पासून पाणी अडवतात. त्यामुळे खाली किती यायचं, यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा कोर्टापर्यंत भांडले. मेंढेगिरी समितीच्या सूत्रात ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्के साठा आहे की नाही, हे बघितलं जातं. जिथे एकेका टीएमसीसाठी वकील उभे राहतात, तिथे ऑगस्टमध्ये सात टीएमसी नुसत्या अंदाजावर सोडून द्यायला अधिकाऱ्याचा हात कसा धजावणार?

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा म्हणजे जलाशय परिचालन सूची. कोणत्या तारखेला पाणी कोणत्या पातळीपर्यंत ठेवायचं, हे त्यात पावसाळ्याआधीच लिहिलेलं असतं. जुन्या वर्षांच्या आवकेवरून ती बनते. संगणकाचं मॉडेल याच्या पुढे जातं. नांदूर मधमेश्वरहून सुटलेलं पाणी नागमठाणला किती आणि कधी पोहोचेल, प्रवरा-मुळेचं पाणी त्यात कधी मिसळेल, हे ते तासातासाने मांडतं. पूर नदीतून सरकताना कसा पसरतो आणि त्याचा माथा कसा खाली येतो, याचं एक गणित अमेरिकेतल्या मस्किंगम नदीवर १९३० च्या दशकात बसवलं गेलं. ते आजही त्याच नावाने जगभर वापरतात.

पण मॉडेलची मर्यादाही ओळखली पाहिजे. गाळाने धरणाचा तळ बदलतो, तसा साठ्याचा तक्ताही बदलावा लागतो. धरणालगतच्या भागात अचानक ढग फुटला, तर नागमठाणचा आकडा उपयोगाचा नाही. आणि मॉडेल शक्यता सांगतं, निर्णय घेत नाही. ‘आत्ता एक लाख सोडलं तर पैठण वाचायची शक्यता एवढी, आणि मार्चमध्ये पाणी कमी पडायची शक्यता एवढी,’ इथपर्यंतच ते आपल्याला आणून सोडतं.

इथून पुढचा प्रश्न गणिताचा नाही. भरलेल्या धरणाचा फायदा वाळूजला आणि शहराला होतो, कालव्यावरच्या शेतकऱ्याला होतो. ते काठोकाठ भरून ठेवण्याचा धोका मात्र धरणाखालच्या नदीकाठाने झेलायचा. पूर आल्यावर ‘दरवाजे आधी का उघडले नाहीत’ असं आपण विचारतो, आणि उन्हाळ्यात ‘तेव्हा पाणी का सोडलं’ असंही आपणच विचारतो. हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी, जून महिन्यात, ती सूची समोर ठेवून विचारले पाहिजेत. त्या वेळी पैठणचा माणूस आपल्या शेजारी बसलेला असायला हवा.