बी.एड., एम.एड.चा प्रबंध लिहिताय? शिक्षणावरचे संशोधन लेख मोबाइलवर असे शोधा

एम.एड. किंवा पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला ‘संबंधित साहित्याचा आढावा’ हे प्रकरण लिहावे लागते. तालुक्याच्या गावी संशोधन नियतकालिके मिळत नाहीत. मग काही जण जुन्या प्रबंधातले उतारे जसेच्या तसे उचलतात, तर काही जण पैसे देऊन तयार प्रकल्प घेतात. हे अंगाशी येऊ शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर दुसरीकडचा आढळला तर तो दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. ६० टक्क्यांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द होते. खरे लेख मात्र मोबाइलवरही मिळतात, आणि बरेचसे फुकट.

आधी शब्द ठरवा
समजा, विषय आहे ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण. अख्खे वाक्य टाकून शोधले तर हाती फारसे लागत नाही. विषयाचे तुकडे करा आणि इंग्रजीत टाइप करा: ‘मायग्रंट चिल्ड्रेन’, ‘सीझनल मायग्रेशन’, ‘ड्रॉपआउट’, ‘इंडिया’. दोन शब्दांची जोडी एकत्रच हवी असेल तर ती अवतरण चिन्हात टाका. मराठीतले साहित्य हवे असेल तर ‘साखरशाळा’ असे देवनागरीतही शोधून पाहा.

कुठे शोधायचे?
एरिक: अमेरिकी सरकारची ही संदर्भसूची फक्त शिक्षण विषयाची आहे. वापरायला खाते किंवा पैसे लागत नाहीत. शोधताना ‘पीअर रिव्ह्यूड ओन्ली’ या चौकटीवर खूण केली की छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेलेच लेख दिसतात. ‘फुल टेक्स्ट’च्या चौकटीवर खूण केली की पूर्ण लेख उघडणाऱ्या नोंदी तेवढ्या राहतात. क्रमांक ‘ईजे’ने सुरू झाला तर तो नियतकालिकातला लेख, ‘ईडी’ने सुरू झाला तर अहवाल किंवा इतर दस्तऐवज.

शोधगंगा: भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध इथे प्रकरणवार पीडीएफमध्ये मिळतात, मराठीतलेही. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवते. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची आधी वाचा. पुढचे दहा लेख तिथेच सापडतात.

गूगल स्कॉलर: लेखाखालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारली की त्या लेखाचा आधार घेऊन नंतर कोणी काय लिहिले ते दिसते. लेखाला पैसे मागितले तर ‘ऑल व्हर्जन्स’ पाहा. फुकटची प्रत तिथे असू शकते.

एनसीईआरटी: ‘जर्नल ऑफ इंडियन एज्युकेशन’ आणि ‘द प्रायमरी टीचर’चे अंक संस्थेच्या संकेतस्थळावर वाचता येतात. भारतातल्या शाळांबद्दलचे लेख इथे हमखास मिळतात.

ग्रंथपालांना हे विचारा
महाविद्यालय इन्फ्लिबनेटच्या ‘एन-लिस्ट’ योजनेत असेल तर विद्यार्थ्याला स्वतःचा यूजर आयडी आणि पासवर्ड मिळतो. मग घरी बसूनही नियतकालिके उघडतात. सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनाही सुरू झाली आहे. आपले महाविद्यालय यापैकी कशात आहे, हे ग्रंथपालांना स्पष्ट विचारा. योजनेत असेल तर पासवर्ड मागायला संकोच करू नका, ती सोय विद्यार्थ्यांसाठीच आहे.

लेख वापरण्याआधी
- लेखक, वर्ष, नियतकालिकाचे नाव आणि पान क्रमांक लगेच वहीत टिपून ठेवा. नंतर शोधायला दुप्पट वेळ जातो.
- नुसता सारांश वाचून संदर्भ देऊ नका. निदान पद्धती आणि निष्कर्ष हे दोन भाग वाचाच.
- परदेशातले निष्कर्ष आपल्या जिल्हा परिषद शाळेला जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. तो फरक प्रबंधात लिहा.
- ‘दोन दिवसांत तुमचा लेख छापतो, फी भरा’ असा मेसेज आला तर सावध राहा. तपासणीशिवाय छापणाऱ्या नियतकालिकातला लेख पुढे उपयोगी पडत नाही, आणि पैसेही बुडतात.