आधी आईचा हात

येलदरीच्या कॉलनीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. पूर्णेवरचं धरण १९६८ साली पुरं झालं, पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॅटचे तीन संच बसले आणि त्या संचांपायी बाबा वसई सोडून जिंतूर तालुक्यात आले. चर्च नव्हतं. १९७७ साली अमरावतीतून औरंगाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला, तरी एका घरासाठी फादरांनी वरचेवर एवढ्या लांब यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. रविवारी बाबा बायबलातला उतारा वाचत, आई रोझरी सांगे.

उन्हाळ्यात वसईहून आजी यायची. अंगावर सामवेदी बायकांचं लाल लुगडं, पिशवीत सुकेळी. रात्री अंगणात बाज टाकली की तिच्या गोष्टी सुरू. त्यांत राजाराणी क्वचित, पाद्री फार.

१७३९ सालची वसईची लढाई तर तिनं जणू माडीवरून पाहिली होती. चिमाजी आप्पांच्या फौजेनं किल्ला घेतला, फिरंगी गलबतांत बसून गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय पाद्रीही गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुळांना सांभाळलं गोव्याच्या धर्मगुरूंनी. आजीच्या लेखी ती माणसं चांगली, पण परकी. आपल्या पोरानं आपल्या देवळात वेदीशी उभं राहावं ही हौस वसईकरांना तेव्हापासून लागली, असं तिचं म्हणणं. मला त्यात थोडा व्यवहारही दिसतो. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांत राबणाऱ्या घराला सेमिनरी हीही शिक्षणाची एक वाट होती. हे मी आजीसमोर कधी बोललो नाही.

गंमत अशी की, वसईचा सगळ्यात मोठा संत धर्मगुरू नव्हताच. गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन ब्रदर. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारलं, १८६२ साली पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, धर्मगुरूच अर्पण करतो; त्यांनी आयुष्यात एकही केली नाही. आजीला हे सांगितलं की ती म्हणे, “त्याला काय गरज?”

तिचा धाकटा भाऊ मात्र धर्मगुरू झाला आणि त्याची पहिली मिस्सा ही तिची सर्वांत लांबणारी गोष्ट. त्या काळी कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून कडक उपास, पाण्याचा थेंबही नाही. १९५३ साली पाण्याची मुभा मिळाली, १९५७ साली उपास तीन तासांवर आला. भावाची मिस्सा त्याआधीची. बँड, माणसांची रीघ, लांबलेलं प्रवचन आणि सगळ्या गावाच्या पोटात काही नाही. दोन पोरं घेरी येऊन पडली. लॅटिनमधली मिस्सा, फादरांची पाठ लोकांकडे. बायका आपापली रोझरी ओढत बसलेल्या. भाऊ मागे वळला तेव्हा, आजी सांगे, त्याचा घाम कानामागून गळ्यात उतरत होता.

मिस्सा संपल्यावर त्याचा पहिला आशीर्वाद आईबापांना. आमची पणजी गुडघ्यावर बसण्याआधी थांबली. तिनं त्याला खूण करून वाकवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग गुडघे टेकले. देवळात कुजबुज झाली. काहींना ते बरं दिसलं नाही. आदल्या दिवशी बिशपांनी तेल लावलेले त्याचे तळवे पणजीनं चुंबले. ते तळवे ज्या कापडानं बांधले होते, ते तिच्या स्वाधीन झालं. ती गेली तेव्हा ते तिच्या हातांत ठेवून पुरलं. देवाला दाखवायची ती पावती, असं आजी म्हणे.

परवा माझ्या आतेबहिणीच्या मुलाची पहिली मिस्सा होती, म्हणून वसईला गेलो. खरं तर पहिली म्हणायची ती रीत. दीक्षाविधीतच नवा धर्मगुरू बिशपांबरोबर मिस्सा अर्पण करतो. संतांच्या नावांची प्रार्थना चालू असताना जमिनीवर पालथा पडलेला तोच मुलगा तासाभरात वेदीशी उभा असतो. पण गावाला स्वतःची मिस्सा हवी असते. आता ती मराठीत, तोंड लोकांकडे. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषेची वाट मोकळी केली, आणि ज्या पिढीनं लॅटिन ऐकत माळ ओढली तिच्या नातवंडांना आज ओळन् ओळ पाठ आहे. वसईलाही १९९८ पासून स्वतःचा धर्मप्रांत आहे. हात बांधण्याची पद्धत नव्या विधीत उरली नाही. तेल पुसलेलं कापड मात्र काही घरांत अजून आईला देतात.

आतेबहिणीला ते मिळालं होतं. आशीर्वादाच्या वेळी मी मुद्दाम बघत होतो. मुलगाच आधी वाकला, आईनं डोक्यावर हात ठेवला, मग ती गुडघ्यावर बसली. कुणी कुजबुजलं नाही. जेवणाच्या पंगतीत मी तिला पणजीची गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, “माहीत आहे. मीच त्याला काल सांगून ठेवलं होतं, आधी वाकायचं म्हणून.” आणि बटाट्याची भाजी संपत आली म्हणून ती आत ओरडत गेली.