पाण्यातली हिरवी बेटं

गोल्फ हा साहेबांचा खेळ. मी तो खेळलो दापोलीजवळच्या आमच्या गावी, माजघरात सतरंजीवर बसून. साल १९८८. माझे मामू बहारीनमध्ये एका इंग्रज इंजिनिअरच्या गाडीवर ड्रायव्हर होते. साहेब मायदेशी परतले तेव्हा आपल्या मुलाचा जुना कॉम्प्युटर मामूंना देऊन गेले. त्याचं नाव कमोडोर ६४. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र. पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि खेळ कॅसेटवरून चढवायचा. त्या कॅसेटींमध्ये एक होती ‘लीडर बोर्ड’. ती चढायला कित्येक मिनिटं लागत. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

मामू मितभाषी. पण या खेळापुढे बसले की बोलायचे. तिकडे साहेबलोक वाळूतच गोल्फ खेळत, बरोबर नकली गवताचा तुकडा नेत आणि चेंडू त्यावर ठेवून टोला मारत, हे त्यांनीच मला सांगितलं. ‘‘पिशवी खूप वाहिली रे, काठी कधी हातात घेतली नाही,’’ असं एकदा म्हणाले आणि जॉयस्टिक हातात घेतली.

हा खेळ आला कुठून, हे मला फार पुढे वाचनातून कळलं. अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी नावाचं शहर आहे. तिथल्या ब्रूस कार्व्हर या इंजिनिअरनं स्टीव्ह विट्झेल या सहकाऱ्याबरोबर १९८२ मध्ये ‘अ‍ॅक्सेस सॉफ्टवेअर’ ही कंपनी काढली. त्यांचं नाव झालं ते युद्धाच्या खेळांनी. १९८३ चा ‘बीच-हेड’ आणि १९८४ चा ‘रेड ओव्हर मॉस्को’. हा दुसरा खेळ तर असा, की त्याच्या विक्रीवरून १९८५ मध्ये फिनलंडच्या संसदेत प्रश्न विचारला गेला. सोव्हिएत रशिया त्यांचा सख्खा शेजारी ना! आणि १९८६ मध्ये याच कंपनीतून ब्रूस आणि त्याचा भाऊ रॉजर यांनी आणला गोल्फ. तोफा थांबल्या, मैदानावर शांतता पसरली.

त्या यंत्राची स्मृती होती अवघी ६४ किलोबाइट. आजच्या मोबाइलवरचा एक साधा फोटोही तेवढ्यात मावत नाही. रंग सोळा. एवढ्यात अठरा खड्ड्यांचं मैदान उभं करायचं कसं? या भावांनी गाळायचं ठरवलं. वाटेत आडवी येणारी झाडं गाळली, वाळूचे खड्डे गाळले. उरलं निळं पाणी आणि त्यात हिरवी बेटं. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर तर तेही राखाडीच्या दोन छटांत. चेंडू जिथे पडेल तिथून दिसणारं दृश्य यंत्र नव्यानं रेखाटायचं. आम्ही थांबायचो. त्या थांबण्यातच पुढच्या टोल्याचा विचार व्हायचा.

टोला म्हणजे एका बटणाचा खेळ. बटण दाबून धरलं की जोराची पट्टी चढत जाई, हव्या त्या जागी सोडायचं. मग पट्टी उतरताना नेमक्या रेषेवर पुन्हा दाबायचं. क्षणभर अलीकडे-पलीकडे झालं की चेंडू वाकडा जाऊन पाण्यात. कवितेच्या ओळीतही एक मात्रा घसरली की असंच होतं. यंत्राची गरिबी या खेळाचं वृत्त झाली, असं मला वाटतं.

पुढे यंत्रं श्रीमंत झाली. १९८७ च्या ‘वर्ल्ड क्लास लीडर बोर्ड’मध्ये झाडं आली, वाळू आली आणि स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं जगप्रसिद्ध मैदानही आलं. पीसीचा साधा स्पीकर फक्त टुकटुक करायचा. कंपनीनं युक्ती काढून त्याला माणसासारखं बोलायला लावलं. १९९० मध्ये आला ‘लिंक्स’. कॅलिफोर्नियातल्या टोरी पाइन्सचं मैदान त्यात छायाचित्रांच्या मदतीनं उतरवलं होतं. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कंपनी विकत घेतली, २००४ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकली. २००५ च्या डिसेंबरात ब्रूस कार्व्हर वारले आणि २००६ मध्ये कंपनीला टाळं लागलं.

‘लीडर बोर्ड’मध्ये तीन पायऱ्या होत्या. नवशिक्याच्या पायरीवर चेंडू वाकडा जात नसे. सर्वांत वरच्या पायरीवर वाराही वाहायचा. मी वरची निवडायचो. मामू मात्र शेवटपर्यंत नवशिक्याचीच. चिडवलं तर म्हणायचे, ‘‘वारा तिकडे पुष्कळ खाल्ला. इथे तरी सरळ जाऊ दे.’’

मामू आता नाहीत. त्यांच्यामागून ते यंत्रही बिघडलं, भंगारात गेलं. मध्यंतरी भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर तोच जुना खेळ लावून दिला. या वेळी चढायला क्षणही लागला नाही. निळं पाणी, हिरवी बेटं. रंगांत मी ती पहिल्यांदाच पाहत होतो. ‘‘कोणती पायरी?’’ भाच्यानं विचारलं.

मी म्हटलं, ‘‘पहिली. वारा नको.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)